आठ हजारांची इंटर्नशिप

परवा शनिवारी सकाळी साडेनऊला (म्हणजे माझ्या हिशोबाने पहाटेच) मावशीच्या मुलाचा फोन. "दादा, इंटर्नशिप लागली!" मी ताडकन उठून बसलो. थर्ड इयरला इंटर्नशिप म्हणजे भारीच की! म्हटलं, स्टायपेंड किती देणारेत? तर साहेब म्हणतात, "देणार नाहीत, आपणच आठ हजार भरायचेत. पण सर्टिफिकेट मिळतं, रेकमेंडेशन लेटर पण. पुढे बाहेर जायला उपयोगी पडतं ना."

झोप उडाली.

रागावलो नाही त्याच्यावर. कुठल्या तोंडाने रागावणार? सात-आठ वर्षांपूर्वी मी हेच केलंय. दोन खोल्यांचं ऑफिस, सहा आठवडे, तीस पोरं. शेवटी लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीमची एक झिप फाईल पेनड्राइव्हवरून सगळ्यांना वाटली. आत आधीच्या बॅचच्या कुणाचं तरी नाव तसंच होतं, ते बदलून आपलं टाकायचं. सर्टिफिकेट मात्र जाड कागदावर, सोनेरी बॉर्डरचं. आईने फाईलला लावून ठेवलं.

पुढे एका परदेशी कंपनीच्या इंटरव्ह्यूत समोरच्या बाईंनी अगदी साधा प्रश्न विचारला. तुझा कोड कोण तपासायचं, आणि त्यांनी सांगितल्यावर तू काय बदललंस? मी गप्प. कारण माझा कोड कुणी बघितलाच नव्हता. मुळात तो माझा नव्हताच. इंटरव्ह्यू वीस मिनिटांत आटोपला.

तर मंडळी, माझं म्हणणं सरळ आहे. जिथे विद्यार्थी पैसे भरतो ती इंटर्नशिप नव्हे, क्लास आहे. क्लासला माझा विरोध नाही, पण त्याला क्लासच म्हणा. इंटर्नशिप म्हणजे कुणाला तरी खरोखर हवं असलेलं काम, ते तपासणारा जाणकार माणूस आणि त्याचा मोबदला. यातलं एक जरी नसेल तर तो निव्वळ कागद.

कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीचं उदाहरण घ्या. 1957 मध्ये त्यांनी को-ऑप सुरू केलं. साधारण चार महिने वर्ग, चार महिने नोकरी, पुन्हा वर्ग, पुन्हा नोकरी. इंजिनिअर डिग्री घेईपर्यंत जवळजवळ दोन वर्षांचा पगारी अनुभव घेऊन बाहेर पडतो. सिलिकॉन व्हॅलीतल्या कंपन्या त्या पोरांच्या मागे लागतात त्या काही सोनेरी बॉर्डर बघून नाही.

"अरे पण तो कॅनडा!" बरं, शेजारी या. श्रीलंका. गूगलने 2005 मध्ये समर ऑफ कोड सुरू केलं. ओपन सोर्स प्रकल्पासाठी सुट्टीत कोड लिहायचा, प्रकल्पातला मेंटॉर तो तपासणार, पास झालात तर गूगल पैसे देणार. पहिल्या दहा वर्षांत जगात सगळ्यात जास्त विद्यार्थी कुठल्या विद्यापीठाचे निवडले गेले? एमआयटी नाही, आपली कुठली आयआयटी पण नाही. मोरातुवा विद्यापीठ, कोलंबोजवळचं! तिथे आधीपासून ओपन सोर्सचं वातावरण होतं, लंका सॉफ्टवेअर फाउंडेशन 2003 पासून काम करत होतं. सीनियर ज्युनियरला हाताला धरून पहिला पॅच पाठवायला शिकवणार, तो पुढच्याला. बस. यात पैशाचा प्रश्न कुठे आला?

हे दार आजही उघडं आहे. 2022 पासून तर विद्यार्थीच असण्याची अटसुद्धा काढली, अठरा वर्षं पूर्ण आणि ओपन सोर्समध्ये नवखे असलात की झालं. स्टायपेंड देशागणिक वेगळा, भारतात अमेरिकेपेक्षा कमी. पण फी? शून्य.

बर्लिनच्या मॅनेजरला आपलं कॉलेज नगर रोडला आहे की नांदेडला, काही कळत नाही. आपले पॉइंटर कळत नाहीत, सर्टिफिकेटवरचा शिक्का तर नाहीच नाही. त्याला कळतो तो कोड, त्यावरची चर्चा, चूक दाखवल्यावर तुम्ही दिलेलं उत्तर. हे सगळं तारखेसकट जगासमोर असतं आणि लायब्ररी सिस्टीमसारखं पेनड्राइव्हवरून वाटता येत नाही.

अर्थात आपण त्यातूनही पळवाट काढतोच म्हणा. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये फुकटच्या टी-शर्टसाठी लोकांनी दुसऱ्यांच्या प्रकल्पांत इतके फालतू बदल पाठवले, की आयोजकांना चालू महिन्यातच नियम बदलावे लागले. ज्यांनी संमती दिली त्याच प्रकल्पांतलं काम धरायचं असं ठरलं. त्या गर्दीत आपली पोरं कमी नव्हती. वाईट वाटलं तेव्हा.

आता कुणी म्हणेल, सगळ्यांना कुठे गूगल मिळतं? नाहीच मिळत. आणि सोलापूरच्या मुलाला पुण्यात खोली घेऊन फुकट काम करणं परवडत नाही, हेही खरं. म्हणून तर बोंबलतोय! फुकट इंटर्नशिप ही ज्याच्या बापाला परवडते त्याचीच.

आणि दोष फक्त कॉलेजचा नाही. एआयसीटीईने 2018 च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला जागा दिली, हेतू चांगलाच होता. तिचा कागद कुणी केला? आपण! ओळखीतल्या काकांच्या मुलाला लेटरहेडवर "सहा महिने काम केले" असं लिहून देणारे कोण असतात? तुमच्या-माझ्यासारखेच, हिंजवडीत बसलेले. मीही एकदा सही केलीय. त्या सहीने त्या पोराचं भलं नाही केलं, फक्त त्याचा वीस मिनिटांचा इंटरव्ह्यू थोडा पुढे ढकलला.

त्यापेक्षा टीममध्ये वर्षाला एक इंटर्न मागू या. पगारी. त्याला खरा बग द्या, रिव्ह्यूत सोलून काढा, चहा पाजा. मॅनेजर नाही म्हणाला तर पुन्हा विचारा.

असो. पोराला म्हटलं, पैसे भरू नकोस. तो म्हणाला, "मग कॉलेजला काय दाखवू?" मागून मावशीचा आवाज, "त्याला सांगायला काय जातं, वर्ष तुझं जाईल!" खरंय तिचं. माझ्याकडे पटकन देण्यासारखं उत्तर नव्हतं. म्हटलं, मावशी, या महिन्याचे चारही रविवार माझे. सकाळी लॅपटॉप घेऊन येतो, तो रोज वापरतो त्यातलंच एखादं ओपन सोर्स सॉफ्टवेअर आणि त्यातला एक छोटा बग शोधू. सोमवारी त्याच्या कॉलेजच्या सरांनाही मीच भेटतो.

म्हणजे चार रविवारांची झोप गेली. आठ हजारांपेक्षा स्वस्त पडलं.