एकटीने क्रूझवर जाऊ का? तब्येत तपासा, सोबत नव्हे

"डॉक्टर, एक सर्टिफिकेट हवंय. क्रूझवर जायचंय." असं म्हणणारी व्यक्ती पंचेचाळीस ते साठ या वयातली स्त्री असेल, तर पुढचं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "एकटीच जाते आहे ना, म्हणून घरचे म्हणाले आधी डॉक्टरांना विचार." पुरुष असेल तर 'एकटा' हा शब्द सहसा निघतही नाही. त्याच्याबाबत घरून फोन येतो तो फक्त पथ्याबद्दल: "तिकडे सारखं खाणं समोर असतं, जरा दम द्या त्यांना."

या प्रश्नाबद्दलचं माझं मत आधीच सांगून टाकणं बरं. एकटं असणं हे प्रवास नाकारण्याचं वैद्यकीय कारण नाही. मध्यम वयात पहिल्यांदाच एकट्याने फिरायला निघणाऱ्यासाठी समुद्रसफर हा बऱ्यापैकी सोपा पर्याय आहे. डॉक्टरने तपासायचं ते हृदय, साखर, रक्तदाब, हाडं आणि मन. सोबत कोण आहे हे पाहणं आमचं काम नाही. पण ही तपासणी मात्र मनापासून व्हायला हवी, कारण समुद्रात एक गोष्ट खरोखर वेगळी असते: मोठं हॉस्पिटल लांब असतं.

भीती कुठून येते?

समुद्राची भीती आपल्याकडे उगाच आलेली नाही. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. कोकणातल्या कित्येक घरांत ती आठवण पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचली आहे. नारळी पौर्णिमेआधी समुद्रात जायचं नाही, हा कोळीवाड्यांतला रिवाज पावसाळी समुद्राच्या अनुभवातूनच आला.

त्यामुळे आई-मावशी काळजी करतात, तर त्यांना हसू नका. पण ती भीती पावसाळ्यातल्या वादळाची आणि छोट्या बोटीची आहे. हजारो माणसं घेऊन, हवामानाचा अंदाज पाहून चालणाऱ्या मोठ्या जहाजाला ती जशीच्या तशी लावता येत नाही. शिवाय सोबत नवरा किंवा मुलगा असला म्हणून लाटा कमी होत नाहीत.

उलट, एकट्या माणसासाठी क्रूझच्या सोयी पाहा. बॅग एकदाच उघडायची. जेवण तयार. रात्री अनोळखी गावात रिक्षा शोधायची नाही. वाटलं तर चार माणसांत बसायचं, नाही तर दार लावून पुस्तक वाचायचं. पहाटे पाचला उठवून बसमध्ये बसवणाऱ्या सहलींपेक्षा हे गुडघ्यांना आणि झोपेला नक्कीच मानवतं.

बोट लागणं

आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे: गाडी लागते, तशी बोट लागते. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती मेंदूला सांगते, "आपण हलतोय." खोलीत बसलेले डोळे सांगतात, "सगळं स्थिर आहे." या दोन निरोपांचा मेळ बसला नाही की मळमळ, घाम आणि उलटी सुरू होते.

मध्यम वयासाठी चांगली बातमी ही की वय वाढतं तसा हा त्रास साधारणपणे कमी होतो. मायग्रेन असणाऱ्यांना मात्र तो जास्त होऊ शकतो. बहुतेकांचं शरीर दोन-तीन दिवसांत सरावतं. तोवर हे करा:

- खोली जहाजाच्या मधल्या भागात आणि खालच्या मजल्यावर घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी जाणवतात. सर्वांत वरची महागडी खोली या बाबतीत तोट्याचीच.
- मळमळ सुरू झाली की डेकवर जाऊन क्षितिजाकडे पाहा. मोबाइल आणि पुस्तक बाजूला ठेवा.
- उपाशी राहू नका. थोडं थोडं, कोरडं आणि हलकं खा. आल्याचा काहींना उपयोग होतो.
- गोळी त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. प्रोमेथाझिनसारख्या गोळ्यांनी झोप येते, म्हणून त्यांच्यासोबत मद्य नको. काचबिंदूचा त्रास असेल किंवा प्रोस्टेट वाढलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घेऊ नका.

आणखी एक गोष्ट, जी फारशी कुणी सांगत नाही. जहाजावरून उतरल्यावरही जमीन हलल्यासारखी वाटते. हे सहसा दिवस-दोन दिवसांत थांबतं. क्वचित काही जणांत ते आठवडे किंवा महिने टिकतं, आणि हा टिकणारा प्रकार जास्त करून मध्यमवयीन स्त्रियांत दिसतो. त्याची खूण अशी की चालत्या गाडीत बसलं की बरं वाटतं आणि गाडी थांबली की पुन्हा डोलायला होतं. असं झालं तर "तुला काहीतरी भास होतोय" हे ऐकून गप्प बसू नका. कान-नाक-घसा किंवा मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा.

जहाजावरचा दवाखाना

2006 च्या आंतरराष्ट्रीय सागरी कामगार कराराप्रमाणे, 100 किंवा जास्त माणसं असलेल्या आणि साधारणपणे 3 दिवसांपेक्षा लांब आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावर पात्र डॉक्टर असावाच लागतो. देशांतर्गत छोट्या सफरीसाठी हाच नियम गृहीत धरू नका, बुकिंगआधी विचारा.

मोठ्या जहाजावर सहसा ईसीजी, ऑक्सिजन, हृदयाला झटका देणारं यंत्र, काही रक्ततपासण्या आणि एक्स-रे एवढी सोय असते. अँजिओप्लास्टी, मोठी शस्त्रक्रिया, रक्तपेढी यांची अपेक्षा ठेवू नका. म्हणजे हार्ट अटॅक आला तर प्राथमिक उपचार मिळतील, पुढचा उपचार बंदरावर. हेलिकॉप्टर ठरावीक अंतरापर्यंतच येऊ शकतं आणि हवामान बिघडलं तर तेही नाही.

म्हणूनच मला प्रवासाआधीची तपासणी महत्त्वाची वाटते. सर्टिफिकेटवर शिक्का मारून मिळणं पुरेसं नाही. जिने चढताना छातीत दाब येतो का, गेल्या काही महिन्यांत औषध बदललं का, पित्ताशयातल्या खड्यांनी किंवा हर्नियाने त्रास दिला का, दाढ दुखते का, हे विचारलं जायला हवं. न विचारता मिळालेलं सर्टिफिकेट आणि न तपासता मिळालेला "एकटीने टाळा" हा सल्ला, दोन्ही सारखेच निरुपयोगी.

विमा नक्की घ्या. जहाजावरचे उपचार मोफत नसतात. भारतातली नेहमीची मेडिक्लेम पॉलिसी बहुधा परदेशात चालत नाही. प्रवासविमा घेताना आधीचे आजार लपवू नका, आणि जहाजावरून हॉस्पिटलमध्ये हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का ते वाचा.

एकटं असल्याने खरोखर काय बदलतं?

एकच गोष्ट बदलते: आपलं काही बिनसलं तर ते लक्षात येणारं माणूस खोलीत नसतं. त्यावर उपाय आहेत.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या असतील, तर रात्री साखर कमी होण्याचा धोका ओळखा. उशाशी ग्लुकोजच्या गोळ्या ठेवा. बंदरावर उतरून भरपूर चालणं झालं असेल, त्या रात्री झोपण्याआधी साखर तपासा. खोलीची साफसफाई करणाऱ्या कर्मचाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा: "मी एकटी आहे, मला मधुमेह आहे. सकाळी अमुक वाजेपर्यंत दार उघडलं नाही तर वाजवा." यात लाजण्यासारखं काही नाही.

पडणं हा दुसरा धोका. जहाजावरच्या बाथरूमचा उंबरठा बऱ्याचदा उंच असतो आणि तो अडखळायला पुरेसा ठरतो. रजोनिवृत्तीनंतर हाडं ठिसूळ होऊ लागतात आणि हात टेकून पडलं की मनगट मोडतं. घट्ट बसणाऱ्या, न घसरणाऱ्या चपला न्या, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, जिन्यात कठडा धरा. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी जहाज बाहेर थांबतं आणि छोट्या होडीतून किनाऱ्यावर जावं लागतं. हलत्या होडीत पाय टाकणं दुखऱ्या गुडघ्याला अवघड जातं. मदत मागा, नाही तर त्या दिवशी जहाजावरच थांबा.

तिसरं काम म्हणजे एक कागद. त्यावर तुमचे आजार, औषधांची मूळ नावं आणि मात्रा, ॲलर्जी, रक्तगट, घरचा आणि डॉक्टरांचा फोन लिहा. शेवटच्या ईसीजीची प्रत सोबत जोडा, कारण जुना ईसीजी समोर असेल तर अनोळखी डॉक्टरचं निदान सोपं होतं. सगळी औषधं हातातल्या पिशवीत, मूळ पाकिटात आणि चिठ्ठीसकट ठेवा. मोठी बॅग खोलीत पोचायला कित्येकदा तास लागतात. सिंगापूर किंवा दुबईहून सफर असेल तर झोपेच्या आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांचे तिथले कडक नियम आधी पाहून घ्या.

जुलाब-उलट्यांची साथ

क्रूझवरच्या साथींमध्ये नोरोव्हायरसचं नाव सर्वांत आधी येतं. तो फार थोड्या विषाणूंनीही पसरतो आणि 12 ते 48 तासांत लक्षणं दिसतात. इथे एक सवय बदला: या विषाणूवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. साबण आणि पाण्याने 20 सेकंद हात धुवा, जेवणाआधी आणि सगळ्यांनी हाताळलेला वाढप्या चमचा धरल्यानंतरही.

गर्दीत श्वसनाचे आजारही पसरतात. फेब्रुवारी 2020 मध्ये योकोहामाजवळ अडकलेल्या डायमंड प्रिन्सेस जहाजावर 3,711 जणांपैकी 712 जणांना कोविड झाला होता. आजची परिस्थिती तशी नाही, पण फ्लूची लस घेऊन जाणं शहाणपणाचं. जुलाब किंवा ताप आला तर "खोलीत कोंडतील" या भीतीने लपवू नका. एकट्याने, न सांगता, खोलीत पाणी कमी पडून चक्कर येणं जास्त वाईट.

मनाचं काय?

एकटं असणं आणि एकाकी वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरल्या घरात एकाकी असणाऱ्या स्त्रिया आम्ही डॉक्टर रोज पाहतो. मुलं बाहेरगावी गेलेली, झोप मोडलेली, मधूनच अंगातून गरम वाफा येणाऱ्या. वीस-पंचवीस वर्षं प्रत्येक सहलीत इतरांच्या गोळ्या, डबे आणि मोजे सांभाळलेल्या बाईला चार दिवस फक्त स्वतःचं वेळापत्रक मिळणं ही चैन नाही. आपण ठरवलं, आपण निभावलं, हा अनुभव पुढच्या वीस वर्षांसाठी उपयोगी पडतो, कारण त्या वर्षांत कधी ना कधी एकट्याने निर्णय घ्यावेच लागतात.

पण क्रूझ हे नैराश्याचं औषध नाही. जोडीदार नुकताच गेला असेल, रडू थांबत नसेल, जगण्यात अर्थ वाटत नसेल, तर "जरा हवापालट करून ये" असं म्हणून कुणाला एकटं जहाजावर पाठवू नका. आधी उपचार, मग प्रवास. आणि मद्याबद्दल: पैसे आधीच भरलेले असले की पेला पटकन भरला जातो, आणि एकट्या माणसाला "पुरे" म्हणणारं कुणी नसतं. ते आपणच म्हणायचं.

कोणी थांबावं?

हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, पक्षाघात किंवा मोठं ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल, छातीत दुखण्याचं कारण सापडलेलं नसेल, अधूनमधून शुद्ध हरपत असेल, फिट्स किंवा साखर आटोक्यात नसेल, तर तूर्त जाऊ नका. हा सल्ला सोबत चार माणसं असली तरी तोच राहील.

पहिली सफर छोटी ठेवा

मुंबईहून गोव्यापर्यंतच्या दोन-तीन रात्री ही चांगली तालीम आहे. अरबी समुद्र शांत असतो तेव्हा, हिवाळ्यात जा. बोट लागते का, एकट्याने जेवायला बसायला अवघड वाटतं का, हे तेवढ्यात कळतं. परदेशी, आठ-दहा दिवसांची सफर त्यानंतर ठरवा.

खर्चाची कल्पना असू द्या. खोलीचं भाडं दोघांच्या हिशेबाने ठरतं, त्यामुळे एकट्याला कधी कधी जवळजवळ दोघांचे पैसे भरावे लागतात. 2010 मध्ये आलेल्या नॉर्वेजियन एपिक जहाजावर एकट्यांसाठी 128 छोट्या खोल्या होत्या, तेव्हापासून अशा खोल्या इतर कंपन्याही देऊ लागल्या. त्या लवकर भरतात, म्हणून आधी चौकशी करा.

घरच्यांना एक विनंती. काळजी वाटते तर तिच्या औषधांची यादी नीट लिहून द्या, विम्याचा फॉर्म वाचायला मदत करा, रोज एक फोन ठरवा. पण "तू एकटी कशी राहशील?" हा प्रश्न विचारू नका. चाळीस जणांचं लग्नघर सांभाळणाऱ्या बाईला एक खोली सांभाळता येते.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधं आणि प्रवासाबद्दलचा निर्णय तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)