पुस्तक परत पाठवले, मुलांचे काय?

२००७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात पक्षभेद विसरून आमदारांनी आवाज उठविला आणि शालेय लैंगिक शिक्षणाचा केंद्रपुरस्कृत कार्यक्रम राज्यात थांबला. दोन वर्षांनी वेंकय्या नायडू यांच्या अध्यक्षतेखालील राज्यसभेच्या याचिका समितीनेही तसाच कौल दिला. मुलांना संयम शिकवावा, संतांची व स्वातंत्र्यसैनिकांची चरित्रे त्यांच्यापुढे ठेवावीत, असे समितीचे म्हणणे होते. संस्कृतिप्रेमी मंडळींना समाधान वाटले. विरोध अनाठायी नव्हता, हे मान्यच आहे. परंतु संयमाचे हे शिक्षण प्रत्यक्ष देणार कोण? पुस्तक परत पाठविणाऱ्यांनी माणूस मात्र कोठेच नेमला नाही.

माढा तालुक्यातील मोडनिंबसारखे गाव डोळ्यांपुढे आणावे. पुणे-सोलापूर महामार्गावरचे, कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरचे हे बाजाराचे गाव. भोवतालच्या वाड्यावस्त्यांचा ओढा तिकडेच. शाळेसाठी एसटीने ये-जा करणाऱ्या मुलींना शासन मोफत पास देते, ही चांगलीच गोष्ट. पण घर आणि शाळा यांच्यामधल्या त्या वेळात, थांब्यावर, धाब्यापाशी, मोबाईलच्या दुकानापुढे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींशी बोलणारे कोणी जाणते माणूस असते काय? २०२० साली शाळा बंद झाल्या आणि अभ्यासाच्या निमित्ताने पालकांनीच मुलांच्या हाती भ्रमणध्वनी दिला. ज्या पुस्तकातील चित्रांवरून विधिमंडळ दणाणले, त्याहून शतपट ओंगळ असे सारे आता उशाशी येऊन बसले आहे. त्याविरुद्ध मोर्चा कोणावर काढायचा?

पूर्वी हे काम कोणाला सांगावे लागत नसे. आईवडिलांशी न बोलता येणारी गोष्ट मुलगा मामाशी बोले, मुलगी आत्याशी किंवा थोरल्या वहिनीशी बोले. गावात तालीम असे. वस्ताद मुलाला डाव शिकवी, तसाच तो काय खातो, किती वाजता निजतो, कोणाच्या संगतीत दिसतो, याच्यावरही नजर ठेवी. मिसरूड फुटलेल्या पोराच्या अंगात काय उसळते, हे वस्तादाला ठाऊक असे आणि त्याचे त्याला वावडे नसे. दोन शब्द कानात सांगून तो त्याला पुन्हा हौद्यात उतरवी. घरे वेगळी झाली, तालमी ओस पडल्या, आणि त्या जागी आले काय? तर दहावीचा क्लास. मुलगा बरा निघाला की सोळाव्या वर्षी त्याची लातूरला खोली करून द्यायची आणि दर आठवड्याला गुण विचारायचे! एवढ्याने पालकत्व संपते, असा सुशिक्षितांचाही समज झालेला दिसतो.

मुलींसाठी तर तालीमही नव्हती. ‘मुलगी मोठी झाली’ या वाक्याला अनेक घरांत आजही एकच उत्तर असते: स्थळ पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील वीस ते चोवीस वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधीच झाले होते. बालविवाह प्रतिबंधाचा कायदा २००६ चा आहे. लेकीच्या वयाची भीती वाटते म्हणून तिलाच बोहल्यावर उभे करणे, हे कोणत्या संस्कृतीचे रक्षण? पाश्चात्त्य पुस्तकावर तुटून पडणाऱ्यांनी अशा मांडवात अक्षता टाकायला जाऊ नये, एवढी तरी अपेक्षा बाळगावी की नाही?

वाट नाही, असे मात्र नाही. आप्पा पेंडसे यांनी १९६२ साली पुण्यात सुरू केलेल्या ज्ञान प्रबोधिनीचे काम पुढे सोलापुरात आणि हराळीतही उभे राहिले. उपनयनाची जुनी कल्पना घेऊन तिने विद्याव्रत संस्कार घडविला. तो साधारणपणे आठवीतील मुलामुलींवर होतो आणि त्यात जातीची वा मुलगा-मुलगी अशी अट नाही. बालपण संपले, आता स्वतःला घडवायचे आहे, हे त्या वयाला मानाने सांगणारी ही योजना आहे. शिवाय संध्याकाळी मैदानावर भरणारी दले असतात. त्यांत खेळ असतो, आणि मुलांहून थोडाच मोठा असा ताई वा दादा असतो. शंका विचारायला मुलाला प्राचार्यांच्या दालनात जावे लागत नाही. ती कबड्डीच्या डावानंतर, पाणी पिता पिता विचारता येते.

याउलट आपल्याकडील सर्वमान्य रीत म्हणजे वर्षातून एकदा पाहुण्यांचे व्याख्यान. मुलांना वेगळे, मुलींना वेगळे बसवावे, पाऊण तास बोलावे, नारळ द्यावा, छायाचित्र काढावे. शंका विचारा म्हटल्यावर सभागृह चिडीचूप होते, याचे पाहुण्यांना नवल वाटते! तीनशेजणांदेखत कोणता मुलगा तोंड उघडेल?

मोडनिंबएवढ्या गावाला यासाठी इमारत नको, अनुदान नको. आठदहा मुलांमागे एक तरुण हवा, आणि तेवढ्याच मुलींमागे एक जाणती ताई. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, सलग तीन वर्षे. पहिल्या वर्षी मुले बोलतच नाहीत. गावागावांत कार्यकर्ते आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत. त्यांच्यातून असे चार जण उभे राहीपर्यंत ‘किशोरांसाठी मार्गदर्शन’ असे शब्द कार्यक्रमपत्रिकेवर छापण्याचा खर्च तरी वाचवावा.