काय घालू, ताई?

वर्सोव्याच्या आरामनगरात ऑडिशनला निघालेल्या आमच्या गटातल्या मैत्रिणीने विचारले. मी म्हटले, एकरंगी कुडता घाल. बारीक रेघा कॅमेऱ्यात थरथरतात, पांढऱ्याशुभ्र कपड्यापुढे चेहरा काळवंडतो. एवढे कॅमेऱ्याचे मागणे. तिला निरोप मात्र होता, ‘अंगाला घट्ट बसणारे घाला.’ भूमिका नर्सची! पुरुष डॉक्टरसाठी निरोप काय, तर ‘साधा शर्ट’.

घट्ट कशासाठी, हे विचारायलाच हवे. प्रकरण लैंगिक छळापर्यंत गेले, तर २०१३चा कायदा आहे. तक्रारीसाठी बाई नोकरीत असायलाच हवी, अशी अट त्यात नाही. हे किती जणींना ठाऊक आहे?

तिने विचारले. उत्तर आले नाही. ती निळा कुडता घालून गेली. काम मिळाले नाही. पुढच्या मंगळवारी दुसरीकडे ऑडिशन आहे. कुडता धुऊन वाळत घातलाय.