हो-नाहीचे बावीस प्रकार

कॉन्फिग फाइलमध्ये हो-नाही लिहायला दोनच शब्द असावेत: ट्रू आणि फॉल्स. तिसरं काही दिसलं की टूलने तिथेच थांबावं आणि कोणत्या ओळीत काय चुकलं ते सांगावं. मागणी साधी आहे. पण आपण रोज वापरतो त्यातली बरीच टूल्स काहीही चालवून घेतात, आणि आपण त्याला ‘युजर-फ्रेंडली’ म्हणतो. माझं भांडण या शब्दाशी आहे.

याम्ल घ्या. त्याच्या २००५ च्या १.१ आवृत्तीत हो-नाही लिहिण्याचे बावीस प्रकार मान्य होते: यस, नो, ऑन, ऑफ, नुसता वाय, नुसता एन, शिवाय लहान-मोठ्या अक्षरांचे खेळ. आता त्यात देशांच्या कोडची यादी लिहा. भारताचा ‘आयएन’ जसाच्या तसा राहतो, नॉर्वेच्या ‘एनओ’चा मात्र फॉल्स होतो. एरर नाही, वॉर्निंग नाही, अख्खा देश गुपचूप ‘नाही’ झाला. २००९ च्या १.२ आवृत्तीने हा पसारा आवरला, तरी पायथॉनमधली लोकप्रिय पाययाम्ल लायब्ररी जुन्याच नियमांनी वाचते.

गिटची तऱ्हा वेगळी. सेटिंगचं नुसतं नाव लिहून सोडलं तर ट्रू. नावापुढे बरोबरचं चिन्ह टाकून जागा रिकामी ठेवली तर फॉल्स. एका चिन्हाने उत्तर उलटतं. नियम मॅन्युअलमध्ये लिहिलेला आहे, मान्य. पण रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर मॅन्युअल कोण उघडतं?

पायथॉनमध्ये तर ‘फॉल्स’ हा मजकूर बूल फंक्शनला दिला की उत्तर ट्रू येतं, कारण रिकामा नसलेला कुठलाही मजकूर त्याच्या लेखी ट्रू. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नेहमी मजकूरच असतो. त्यामुळे डीबग बंद करायला लिहिलेली ओळच डीबग चालू ठेवते. जँगोत असं झालं, तर साइट पडताच आतला कोड परक्या माणसाच्या पडद्यावर.

यावर हमखास जॉन पोस्टेल यांचं १९८० चं तत्त्व सांगितलं जातं: पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार. ते नेटवर्कवर एकमेकांशी बोलणाऱ्या यंत्रांसाठी होतं. कॉन्फिग माणूस लिहितो, काहीतरी ठरवून लिहितो. त्याच्या मनातलं ओळखायचा आव टूलने आणू नये. विचारावं. जुन्या फाइली मोडतील ही भीती खरी आहे. मग एक आवृत्ती वॉर्निंग द्या, पुढच्या आवृत्तीत एरर.

दुसरा रोग याहून वाईट: दोनात न मावणारी गोष्ट दोनात कोंबणं. मी देवणीचा. आमच्या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गुरांचे रंगावरून तीन प्रकार आहेत: वानेरा, बालंक्या, शेवरा. ‘अंगभर ठिपके: हो/नाही’ असा रकाना केला, की शेवरा तेवढा वेगळा निघतो, काळ्या तोंडाचा वानेरा आणि पांढरा बालंक्या एकाच दावणीला. जिथे तिसरं उत्तर शक्य आहे, तिथे बूलियन नकोच, नावांची यादी द्या.

आणि ‘भरलंच नाही’ हेही तिसरंच उत्तर आहे. आधार पडताळणीचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं, पण नकारासोबत कारणाचा कोडही येतो. बोटाचे ठसे जुळले नाहीत, तर ३००. मुळातल्या रचनेत ही समज आहे. पुढच्या प्रोग्रामरने तो कोड टाकून दिला, आणि नेटवर्क तुटलं त्यालाही फॉल्सच धरलं, तर खुरपून बोटं झिजलेल्या बाईला रेशनच्या रांगेत एवढंच कळतं: ‘नाही’. पुन्हा अंगठा लावायचा, उद्या यायचं की तक्रार करायची, हे तिला कोण सांगणार? तिचा एक दिवसाचा रोज बुडतो, आणि आपल्या लॉगमध्ये एक फॉल्स वाढतो.

म्हणून रिव्ह्यूला बसाल तेव्हा तीन गोष्टी अडवा. ट्रू-फॉल्सशिवाय काहीही मुकाट्याने गिळणारा कोड. कोऱ्या जागेला नकार समजणारा कोड. आणि ‘डिसेबल अमुक = फॉल्स’ अशी दुहेरी नकाराची नावं. पुल रिक्वेस्ट एक दिवस लांबेल. लांबू द्या.