पहिला पगार, पहिली कार?

पहिला जॉब लागला की घरचा पुढचा प्रश्न ठरलेला : कार कधी घेतोस? शहरात पैसा आला की गाड्या वाढणारच, असं आपण धरूनच चालतो. लंडनने हे गणित खोटं ठरवलं. तिथे २००० च्या सुमारास जवळपास निम्मा प्रवास खासगी गाड्यांनी व्हायचा. पुढच्या दीड दशकात हा वाटा ४० टक्क्यांच्या खाली आला, तोही लोकसंख्या वाढत असताना.

हे जमलं कसं? फेब्रुवारी २००३ पासून शहराच्या मध्यभागी गाडी न्यायला दिवसाला ५ पौंड मोजावे लागले. मात्र त्याच दिवशी सुमारे ३०० जादा बसही रस्त्यावर आल्या. शुल्काचा पैसाही वाहतुकीवरच खर्च झाला. सिंगापूरने तर असं शुल्क १९७५ मध्येच लावलं होतं.

आता मुंबई बघा. मार्च २०२४ मध्ये कोस्टल रोडचा पहिला टप्पा खुला झाला, तोही टोलशिवाय. मे २०२५ मध्ये बेस्टचं किमान भाडं ५ रुपयांवरून १० वर गेलं. म्हणजे कारला फुकट रस्ता आणि बसला दुप्पट भाडं! अशा शहरात कार घेणं ही हौस कमी आणि नाइलाज जास्त असतो. त्यामुळे ईएमआयचा हिशोब मांडण्याआधी आपल्या नगरसेवकाला एक प्रश्न विचारायलाच हवा : आमची बस कुठे आहे?