लॅपटॉपची चार्जिंग पिन ढिली झालीय? मग हिशोब दिवसांचा करा

पिन जरा वाकडी धरली की चार्जिंग होतं, सरळ केली की बंद. मग वायरखाली वही, वहीवर खोडरबर, आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "भाऊ, टेबल हलवू नका." असा लॅपटॉप तुम्ही पाहिलाच असेल. कदाचित तुमच्याच काउंटरवर असेल.

माझं मत स्पष्ट आहे. ज्या लॅपटॉपवर तुमचं पोट आहे, तो असा चालवू नका. ढिल्या पिनेत ठिणगी पडते, पोर्ट तापतो, आतला सोल्डर सुटत जातो. काही शे रुपयांचं काम मग मदरबोर्डपर्यंत पोहोचतं. पोर्टजवळ हात लावून भाजतंय किंवा जळका वास येतोय? तर चार्जर काढा आणि आजच काम थांबवा.

आता दिवसांचा हिशोब. समजा रिठदमध्ये तुमचं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. खरीप पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपायची आणि शेवटच्या आठवड्यात सोयाबीनवाल्यांची रांग लागायची. २०२३ मध्ये एक रुपयात विमा आला, तेव्हा केंद्रचालकाला एका अर्जामागे विमा कंपनीकडून ४० रुपये मिळायचे. दिवसाला ३० अर्ज धरा, म्हणजे १२०० रुपये. लॅपटॉप चार दिवस बंद म्हणजे ४८०० गेले. शिवाय शेतकरी दुसऱ्या केंद्रावर गेला तो पुढच्या वर्षी तिकडेच जाणार. दुरुस्तीत दोनशे रुपये वाचवायला घासाघीस करणाऱ्यांनी हा आकडा आधी कागदावर मांडावा.

पण लगेच गाडी काढून वाशिमला पळू नका. निम्म्या वेळा दोष पोर्टचा नसतोच, असं मला वाटतं. आधी त्याच व्होल्टचा आणि पुरेशा वॅटचा दुसरा चार्जर लावून बघा, मित्राकडून मागून आणा. त्यावर नीट चाललं तर अडॅप्टर बदला, विषय संपला. चार्जरचा दिवा लॅपटॉपला लावताच विझत असेल तर आत शॉर्ट आहे, पुन्हा पुन्हा लावून बघू नका. लॅपटॉप चालतो पण बॅटरी भरत नाही, असं असेल तर बॅटरी किंवा पिनेतला मधला बारीक काटा बघायला सांगा. काही कंपन्यांचा लॅपटॉप त्या काट्यावरूनच आपला चार्जर ओळखतो. आणि हो, लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून पोर्टमध्ये टॉर्च मारा. आपल्याकडची धूळ काय कमी आहे? लाकडी काडीने हलकेच साफ करा. सुई, टाचणी अजिबात नको.

पोर्टच गेला असेल तर पुढचा प्रश्न एकच: तो वायरीवर आहे की मदरबोर्डवर? बऱ्याच गोल पिनवाल्या लॅपटॉपमध्ये जॅक छोट्या वायरीला जोडलेला असतो. मागचं कव्हर उघडायचं, जुना काढायचा, नवा खोचायचा. पार्ट हातात असेल तर तासाभराचं काम. म्हणून निघण्याआधी दुकानदाराला मॉडेल नंबर फोनवर सांगा आणि पार्ट आहे का ते विचारा. नाहीतर एका फेरीच्या दोन होतात. टाइप-सी पोर्ट मात्र बहुतेक वेळा बोर्डवरच सोल्डर केलेला असतो. त्यात २४ बारीक संपर्क असतात. तिथे हॉट एअर मशीन आणि बसलेला हात लागतो. मोबाईलचे ग्लास बदलणाऱ्याकडे हे काम देऊ नका.

वॉरंटी असेल तर गुपचूप कंपनीचं सर्व्हिस सेंटर गाठा, बाहेर उघडू नका. पण आपटून तुटलेला पोर्ट साध्या वॉरंटीत सहसा बसत नाही, हेही धरून चला. वॉरंटी संपली असेल तर मी चांगल्या स्थानिक कारागिराच्या बाजूने आहे. कंपनीकडे बऱ्याचदा थेट "बोर्ड बदला" असं सांगतात, आणि जुन्या लॅपटॉपला तो खर्च परवडत नाही. कारागिराला सरळ विचारा, "फक्त पोर्ट बदलणार ना?" जुना पार्ट परत मागा, बिलावर वॉरंटी लिहून घ्या. केंद्र सरकारच्या ग्राहक विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलंय, तिथे तुमच्या कंपनीची दुरुस्तीची माहिती आहे का बघा. बिल देऊनही फसवणूक झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

लॅपटॉप देण्याआधी लोकांचे आधार, सातबारा, बँक पासबुकचे स्कॅन पेनड्राइव्हवर घ्या आणि लॅपटॉपवरून काढून टाका. ती कागदं तुमची नाहीत, गिऱ्हाइकांची आहेत.

दुरुस्तीपर्यंतची सोय? काही गोल पिनवाले लॅपटॉप टाइप-सी वरूनही चार्ज होतात, मॉडेलची माहिती वाचा. तसं असेल तर योग्य वॅटचा पीडी चार्जर लावून आठवडा निघतो. आणि दुकान एकाच जागी असेल तर पुढच्या वेळी लॅपटॉपऐवजी डेस्कटॉप आणि यूपीएसचाच भाव काढा. रोज दहा वेळा पिन काढ-घाल करायची भानगडच नको.