उसने दिलेले कोटेशन

भोरच्या बाजारपेठेत सिमेंट, पत्रे, पाइप किंवा विजेचे साहित्य विकणाऱ्या दुकानात गल्ल्याशेजारी लेटरहेडची चळत असतेच. एखाद्या दुपारी ओळखीचा दुकानदार येतो आणि सहज म्हणतो, "शेठ, तुमचे एक कोटेशन द्या. ग्रामपंचायतीचे काम आहे. माझ्यापेक्षा थोडा जास्त दर लावा, म्हणजे झाले." चहा येतो, दर लिहिला जातो, शिक्का उठतो. देणाऱ्याला वाटते, आपण शेजारधर्म पाळला. पुढच्या वेळी तोही असेच एक कोटेशन मागणार असतो, आणि ते त्याला मिळणारही असते.

या व्यवहारात पैसा हातोहात फिरत नाही, म्हणून त्यात कोणाला गैर दिसत नाही. परंतु स्पर्धा अधिनियम, २००२ मधील कलम ३ ज्याला निविदेतील संगनमत म्हणते, ते हेच होय. निविदेतील स्पर्धा कमी करणारा किंवा बोली प्रक्रियेत फेरफार करणारा समझोता लेखी असलाच पाहिजे, असे कायदा म्हणत नाही. तोंडी होकारही पुरतो. अशा समझोत्याने बाजाराला अपाय झाला, असे कायदा गृहीतच धरतो. झाला नाही, हे सिद्ध करण्याचा भार व्यापाऱ्यावर येतो. रकमेची किमान मर्यादाही या व्याख्येत नाही. कार्टेलविरोधी ही तरतूद २० मे २००९ पासून अमलात आहे.

हे सारे दिल्लीतील मोठ्या कंपन्यांसाठी आहे, अशी समजूत असल्यास पुण्याचे उदाहरण पाहावे. पुणे महानगरपालिकेने घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांसाठी काढलेल्या निविदांविषयी 'नागरिक चेतना मंच' या संस्थेने २०१५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. आयोगाने चौकशी करविली आणि मे २०१८ मध्ये निर्णय दिले. काम एकाला मिळावे म्हणून इतरांनी नावापुरत्या निविदा भरल्या होत्या, हे त्यातून पुढे आले. यातील काही निविदाकार वस्तुतः त्या धंद्यातले नव्हतेच. केवळ नाव दिले, आपला तो व्यवसाय नाही, हा बचाव आयोगाने मानला नाही. निविदा भरली त्याच क्षणी तो त्या बाजारात उतरला, असे धरले गेले. दंड काम मिळविणाऱ्याबरोबर नाव उसने देणाऱ्यांनाही झाला, आणि फर्मच्या जबाबदार व्यक्तींनाही वैयक्तिकरीत्या झाला. कायद्यातील सवलतीच्या तरतुदीमुळे ज्यांनी स्वतःहून माहिती दिली, त्यांचा दंड कमी करण्यात आला. शेजारधर्म म्हणून दिलेले नाव अखेर आपापली सुटका करून घेताना एकमेकांविरुद्धच्या पुराव्यात आले, हे व्यापाऱ्याने विशेष ध्यानात घ्यावे.

ही संगनमते उघडकीस येतात तरी कशी? फार कौशल्य लागत नाही. तीन निविदांच्या बयाणा रकमा एकाच खात्यातून निघालेल्या असतात, तिन्ही एकाच संगणकावरून भरलेल्या असतात, किंवा तीन वेगळ्या कोटेशनांत शुद्धलेखनाची तीच चूक तीन वेळा आढळते. व्यापारी वही नीट ठेवतो, पण खोटेपणा नीट ठेवण्याचा सराव त्याला नसतो, हे एक बरेच आहे.

तथापि सारा दोष दुकानदारावर टाकणे न्यायाचे होणार नाही. वेल्हे तालुक्यात, आताच्या राजगड तालुक्यात, वस्त्या विरळ आहेत. नसरापूरपासून तोरण्याच्या पायथ्यापर्यंत माल चढवायचा तर वाहतूक महाग, आणि पावसाळ्यात घाटमाथ्याच्या गावांना तो पोहोचविणे अधिकच कठीण. तेथे खरोखर दर देण्यास इच्छुक पुरवठादार एक किंवा दोनच असतात. कागदावर मात्र तीन हवेत. तिसरा कोठून येणार? तो शेजारच्या लेटरहेडमधून येतो. स्पर्धा वाढविण्यासाठी केलेला नियम अशा ठिकाणी स्पर्धेचे सोंग निर्माण करतो, आणि कार्यालयातील लिपिकालाही फाइल पूर्ण झाल्याचे समाधान मिळते.

काही अटी तर मुळातच दार बंद करण्यासाठी घातलेल्या दिसतात. रस्त्याच्या कामात डांबर मिश्रणाचा प्रकल्प अमुक किलोमीटरच्या आत असावा, निविदा भरण्यापूर्वी जागा पाहिल्याचा दाखला स्थानिक अभियंत्याकडून आणावा, अशा त्या अटी होत. पहिलीला काही तांत्रिक आधार तरी आहे, कारण गरम मिश्रण फार दूर नेता येत नाही. दुसरीमुळे मात्र कोण कोण निविदा भरणार, हे आधीच सर्वांना कळते आणि समझोत्याची बैठक बसविणे सोपे जाते. मोठ्या कामाचे लहान तुकडे पाडून ई-निविदेची मर्यादा टाळणे हाही त्याच जातीचा प्रकार.

व्यापारी संघटनांनाही येथे सावध राहावे लागेल. नवा वितरक नेमण्यापूर्वी संघटनेचे ना-हरकत पत्र हवे, असा आग्रह धरल्याबद्दल गोव्यातील औषधविक्रेत्यांच्या संघटनेवर आयोगाने २०१२ मध्ये कारवाई केली. दुसऱ्या वर्षी अखिल भारतीय संघटनेलाही दंड झाला. सभासदांचे हित पाहणे आणि नव्या माणसाला बाजारात पाऊल ठेवू न देणे यांतील सीमारेषा संघटनेच्या ठरावात अस्पष्ट झाली की प्रकरण आयोगापुढे जाऊ शकते.

श्रावकाच्या अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत. स्तेनप्रयोग, तदाहृतादान, विरुद्धराज्यातिक्रम, हीनाधिकमानोन्मान आणि प्रतिरूपकव्यवहार. वजनमापाचा चौथा अतिचार आपल्या पेढ्यांवर कटाक्षाने टाळला जातो. पाचवा म्हणजे अस्सलाच्या जागी नक्कल चालविणे. स्पर्धेच्या नावाने दिलेले बनावट कोटेशन त्यात मोडत नाही, असे म्हणणे कठीण आहे. आणि दुसऱ्याच्या गैरकृत्यास साह्य देणारा पहिला अतिचारही त्यापासून फार दूर नाही.

अशा वेळी व्यापाऱ्यापुढे एक सरळ उत्तर असते. "कोटेशन जरूर देतो, पण दर माझा राहील, आणि तो मी थेट कार्यालयात पोहोचवीन." मैत्री थोडी दुखावेल, कदाचित एखादी उधारीही थांबेल. पंचायत समिती किंवा नगरपरिषदेलाही संशय आल्यास स्वतः आयोगाकडे जाता येते, कारण कायद्यातील 'व्यक्ती' या संज्ञेत स्थानिक प्राधिकरणाचाही समावेश आहे. पुण्याच्या प्रकरणात मात्र आयोगाचे दार पहिल्यांदा ठोठावले ते नागरिकांनी.